एक्सेलच्या तक्त्यात आई कुठे आहे?

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतल्या एका घरात पाचवा महिना चालू आहे, आणि बाळाच्या आधी बाळाचा तक्ता घरात आला आहे. तक्ता केलाय होणाऱ्या बाबाने. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर आकडे हाकणारा माणूस. त्याला घरीही आकड्यांशिवाय झोप लागत नाही. तपासायला बसली त्याची आत्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली सिस्टर, त्यामुळे बिलं, बाळंतिणी आणि बाहेरच्या बाकावर बसलेले नवरे हे तिन्ही तिने पुष्कळ पाहिलेत.

या विषयावर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, "चोच देतो तो चारा देतो". दुसरा विमा एजंटाचा. हे दोघं त्यातलं काहीच बोलत नव्हते, म्हणून मी लिहून घेतलं. नावं घालायची नाहीत, एवढी एकच अट होती.

भाचा : पहिला भाग बाळंतपणाचा. नर्सिंग होमने सांगितलंय, नॉर्मल ८५ हजार, सिझेरियन १ लाख ४० हजार. माझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बायको आहेच, आणि बाळंतपणाला वेटिंग पिरियड नाही. स्वतंत्र पॉलिसी आत्ता घेऊन उपयोग नव्हता. त्यात कंपनीगणिक नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

आत्या : मर्यादा किती आहे?

भाचा : नॉर्मलला ५०, सिझेरियनला ७५ हजार.

आत्या : म्हणजे सिझर झालं तर ६५ हजार खिशातून. तू तक्त्यात कुठलं धरलंयस?

भाचा : नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, सगळं नीट आहे.

आत्या : नीट आहे तोवरच सिझरचे पैसे बाजूला काढायचे असतात. खाजगी दवाखान्यांत देशभरात शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरने होतात. सरकारच्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत आहे, २०१९-२१च्या. जवळजवळ अर्धी. नॉर्मल झालं तर पैसे उरतील, त्याचं काय दुःख होणारे का तुला? आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर?

भाचा : एनआयसीयू? बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे.

आत्या : कव्हर आहे म्हणजे कुठल्या रकमेत? काढ ती पॉलिसी.

पॉलिसी फोनवर निघाली. बत्तीस पानांची पीडीएफ. आत्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि भाच्याला मोठ्याने वाचायला लावली. पहिल्या दिवसापासून कव्हर होतं, पण बाळाचं नाव पॉलिसीत घातलं जाईपर्यंत होणारा खर्च बाळंतपणाच्याच मर्यादेत मोजणार, असं खालच्या बारीक टिपेत होतं. नाव कळवायची मुदत तीस दिवस. भाच्याने तक्त्यात लाल अक्षरांत लिहिलं, 'जन्मल्या दिवशीच एचआरला ईमेल'. माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात किफायतशीर काम एवढंच होतं; प्रत्येक कंपनीची ही टीप वेगळी असते, आणि ती वाचणारा नवरा विरळा.

भाचा : बाकी कॅशलेस आहे. विमा नियामकाचा २०२४चा नियमच आहे, दाखल करतानाची मंजुरी एका तासात द्यायची, घरी सोडताना तीन तासांत.

आत्या : नियम उत्तम आहे. पण तो तास रात्री दोनचा असला तर? लाखभर रुपये साध्या बचत खात्यात ठेव. म्युच्युअल फंडात नको, एफडीत नको. एप्रिल २०२५मध्ये इथेच, आपल्या पुण्यात, जुळ्यांच्या वेळी एका बाईकडे दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप झाला, ती बाई पुढे दुसऱ्या दवाखान्यात दगावली. सगळा महाराष्ट्र बोलत होता. धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवायचं नाही, हे त्यांच्यासाठीच्या योजनेतच लिहिलेलं आहे. लिहिलेलं असणं आणि काउंटरवरच्या माणसाने ते पाळणं, यात अंतर असतं बाबा.

भाचा : एक लाख नुसते अडीच टक्क्यांच्या आसपास पडून राहणार.

आत्या : पडू देत.

पुढच्या काही ओळी भराभर गेल्या. लसींना पहिल्या वर्षी ३५ हजार धरले होते. आत्या म्हणाली, बीसीजी, पोलिओ, कावीळ-ब, पेंटा, रोटा, गोवर-रुबेला सगळ्या महापालिकेच्या सुतार दवाखान्यात फुकट मिळतात. न्यूमोकोकलसुद्धा २०२१पासून देशभर सरकारी यादीत आहे. फ्लू, कांजिण्या, हिपॅटायटिस ए मात्र विकत घ्याव्या लागतील. भाचा कबूल झाला, पण सुतारला रांगेत उभं राहणार नाही म्हणाला. "मी राहीन," आत्या म्हणाली. ३५चे १२ झाले. बाळाच्या खोलीचं फर्निचर ८० हजार होतं, ते आत्याने बोटाने नुसतं दाखवलं आणि म्हणाली, पहिलं वर्ष बाळ आईच्या कुशीत झोपणार आहे. त्याउलट डोहाळजेवणाला भाच्याने १५ हजार धरले होते, ते तिला अपमानास्पद वाटले. कार्यालय घ्यायलाच हवं म्हणाली. इथे तिची काटकसर अचानक गावाला गेली, हे मी नोंदवून ठेवते.

मग ६० हजारांची लाल ओळ आली, 'कॉर्ड ब्लड बँकिंग'.

आत्या : हे कुणी सांगितलं?

भाचा : सोनोग्राफीच्या बाहेर स्टॉल होता. नाळेतलं रक्त गोठवून ठेवतात. पुढे बाळाला काही झालं तर—

आत्या : भीती विकतात. आयसीएमआरने स्पष्ट सांगितलंय, स्वतःच्याच पुढच्या उपयोगासाठी असं खाजगी बँकेत रक्त ठेवायला शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच एखादं मूल रक्ताच्या आजाराने आजारी असेल तर गोष्ट वेगळी. बाहेर बाकावर बसलेला माणूस त्या वेळी कशालाही हो म्हणतो. काढून टाक.

भाच्याने काढून टाकली. आत्तापर्यंत आत्याच जिंकत होती. मग तक्त्याचं दुसरं पान उघडलं आणि भाचा सरसावला.

भाचा : आता हे बघ. तुझा प्रश्न असतो ना, अठरा वर्षांनंतरचं आत्ता कशाला. आज इंजिनिअरिंगला सगळं मिळून दहा लाख लागतात असं धर. शिक्षणाची महागाई ८ टक्के धरली तर अठरा वर्षांनी ४० लाख. बरोब्बर चौपट. म्हणून पहिल्या महिन्यापासून दहा हजारांची एसआयपी. १२ टक्क्यांनी अठरा वर्षांत साधारण साडेशहात्तर लाख. शिक्षणाचे ४० काढले तरी पुढे परदेशात शिकायचं म्हटलं तर हात मोकळा.

आत्या : बारा टक्के कुणी लिहून दिलंय?

भाचा : कुणीच नाही. पण दहा धर, तरी मुद्दा तोच. आणि हाच खरा मुद्दा आहे आत्या : तीच एसआयपी दोन वर्षं उशिरा सुरू केली तर ५८ लाख होतात. दोन वर्षांच्या आळसाची किंमत १८ लाख! तुम्ही लोकांनी हे केलं नाही. बाबांनी माझ्या नावाने एक मनी-बॅक पॉलिसी घेतली, तिचे पैसे आले तेव्हा त्यात माझी एका सत्राची फी भागली.

आत्या गप्प बसली. भाच्याचं हे म्हणणं खरंच वजनदार आहे. आधीच्या पिढीने विमा आणि बचत यांची खिचडी केली, आणि ना धड कवच मिळालं ना धड वाढ. भाच्याने स्वतःसाठी दीड कोटीचा साधा टर्म विमा घेतलाय. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी उठला, तेही त्याने टिपून ठेवलंय. बायकोसाठीही ७५ लाखांचा घ्यायचा विचार आहे. 'मुलगी झाली तर' असा वेगळा रकाना करून त्यात सुकन्या समृद्धीही होती : वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, सध्या ८.२ टक्के. त्यावर आत्या एवढंच म्हणाली की खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत उघडता येतं, तेव्हा प्रसूतिगृहातून पोस्टात पळायची गरज नाही.

आत्या : बरं. आता पहिल्या पानावर ये. तिचा पगार किती?

भाचा : हातात ६५ हजार. माझे १ लाख १०. घराचा हप्ता ६२.

आत्या : आणि बाळ झाल्यावर?

भाचा : सव्वीस आठवडे पूर्ण पगारी रजा. कायदा आहे. २०१७ला बाराचे सव्वीस केले. सहा महिन्यांनी ती परत कामावर, पाळणाघर १२ हजार. ही बघ ओळ.

आत्या : तिच्या ऑफिसात माणसं किती आहेत?

भाचा : म्हणजे?

आत्या : म्हणजे डोकी. मोज.

तिचं ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधला एक डिझाइन स्टुडिओ. मालकीणबाई सोडून भाच्याने बोटांवर मोजले : दोन डिझायनर, एक इलस्ट्रेटर, अकाउंट्सच्या बाई, दोन नवी पोरं, ऑफिस बॉय आणि ही. आठ.

आत्या : प्रसूती लाभाचा कायदा १९६१चा. दुकानं आणि आस्थापनांना लागू व्हायचा तो दहा किंवा जास्त माणसं असली तर. गेल्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी दहा होती का?

भाचा : दिवाळीच्या वेळी फ्रीलान्सर होते... ते धरतात का?

आत्या : ते वकिलाला विचारायचं. नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दहाची अट तशीच आहे. ५० माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, दहा असतील तर रजा, आठ असतील तर मालकिणीचं मन. तुझ्या तक्त्यातली सगळ्यात मोठी रक्कम कुणाच्या तरी मनावर उभी आहे, आणि तू कॉर्ड ब्लडला लाल रंग दिला होतास.

भाच्याने फोन लावला. पलीकडून ती म्हणाली, मालकीणबाईंशी बोलणं झालंय, त्या तीन महिने पूर्ण पगार देणार, पुढचे तीन बिनपगारी; आणि मी जवळच उतरले, चालत येते.

भाचा : हे तिने मला सांगितलं नव्हतं.

आत्या : तू विचारलं होतंस?

यानंतरची पाच मिनिटं दोघंही नुसते आकडे मांडत होते. तिचा पगार थांबला की १ लाख १०मधून ६२चा हप्ता वजा, राहिले ४८ हजार. घरखर्च ४०. उरले आठ. आणि एसआयपी दहाची.

आत्या : मी तुला काय सांगतेय कळलं का? बाळाच्या नावाने दोन पानं आहेत. बाळाच्या आईच्या नावाने एक ओळ नाही. माझ्या डोळ्यांसमोर बायका नोकऱ्या सोडायच्या, त्या काही बाळंतपणाच्या बिलामुळे नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, घरात धरायला माणूस नाही म्हणून. रात्रभर जागायचं, सकाळी नऊला पोचायचं, असं किती दिवस चालणार? मग "थोडे दिवस ब्रेक घेते" म्हणतात. तो ब्रेक दोन वर्षांचा होतो.

भाचा : मग दोन वर्षं घेईल. मी जबरदस्ती करणार नाही.

आत्या : आवडीने घेतला तर घेऊ दे. पण पैशाअभावी घ्यायला लागला तर? ६५ हजार गुणिले २४.

भाचा : १५ लाख ६० हजार.

आत्या : आणि तुझी एसआयपी दोन वर्षं उशिरा केली तर नुकसान?

भाचा : १८ लाख. म्हणजे जास्तच.

आत्या : अठरा वर्षांनंतरचे १८! तूच म्हणालास ना, आजच्या दहाचे तेव्हा ४०? मग भाग चाराने.

भाचा : साडेचार.

आत्या : साडेचार लाख वाचवायला साडेपंधरा घालवणार. आणि तिची बढती, परत नोकरी शोधताना कमी पगारावर बसणं, हे मी मोजलंच नाही.

हिशेब चोख होता. पण भाचा हार मानणारा नव्हता, आणि त्याची पुढची तक्रार मला आत्याच्या गणिताइतकीच खरी वाटली.

भाचा : तुमच्या वेळी ही ओळ नव्हती, कारण ती फुकट होती. पहिलं बाळंतपण माहेरी. आजी शेक द्यायची, आई आळिवाची खीर करायची, काकू बाळाला न्हाऊ घालायची. कुणी त्यांचे तास मोजले? आता तिची आई सांगलीत, तिच्या बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. माझी आई साताऱ्यात दुकान सांभाळते. जे तुम्ही नात्यात मिळवलंत ते मला बाजारात विकत घ्यावं लागतंय, आणि वर तू म्हणतेस मी हिशेबी.

आत्या : फुकट नव्हतं रे. पैसे दिसत नव्हते एवढंच. इथून खाली उतरून कर्वे पुतळ्यावरून रोज जातोस ना? महर्षी अण्णा कर्व्यांनी मिळकत संस्थेला वाहिली, म्हणून पुतळा. घर कुणी रेटलं? त्यांच्या बायकोने, बाया कर्व्यांनी. सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई, आणि आयुष्यभर पैशाला पैसा जोडत राहिली. तिचं 'माझे पुराण' वाच कधी.

भाचा : म्हणजे मी कर्वे?

आत्या : एवढाही मोठा नाहीस.

त्यांनी नवी ओळ घातली. नाव द्यायला वेळ लागला. शेवटी 'तिचं वर्ष' असं लिहिलं. तीन बिनपगारी महिन्यांचे १ लाख ९५ हजार, आणि ते तिच्या खात्यात, तिच्या हातात, म्हणजे तिची स्वतःची एसआयपी आणि विम्याचा हप्ता तुटणार नाही. चोवीस तासांची बाई तीन महिने, ९० हजार. बचत खात्यातला तो एक लाख. मिळून ३ लाख ८५. त्यांची एकूण शिल्लक साडेपाच लाख होती आणि त्यातले २ लाख बाळाच्या नावाने एकरकमी गुंतवायचे ठरलेले होते. ते थांबले. एसआयपी दहाची तीन हजारांवर आली. त्यावर भाच्याने खालच्या आवाजात "पण सुरू होणार, पहिल्याच महिन्यापासून" असं दोनदा म्हटलं, आणि आत्याने ते मान्य केलं. सवय मोडू नये म्हणून तीन हजारही पुरतात, हे तिलाही पटलेलं दिसलं.

चोवीस तासांची बाई म्हणजे कोण, हाही प्रश्न निघाला. मालिशवाल्या मावशीच किष्किंधानगरातून येणार, पण त्यांची सूनही सातव्या महिन्यात. आत्याने भाच्याला बजावलं की प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा त्या सुनेचा अर्ज तू ऑनलाइन भरून दे. पहिल्या खेपेला ५ हजार मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ती योजना आहे. "आमचं वर्षाचं एकवीस," भाचा म्हणाला. "म्हणून तर तू भरून द्यायचास," आत्या म्हणाली.

एवढ्यात ती आली. पिशवीतून पेरू काढून ठेवले, लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. 'तिचं वर्ष' या ओळीवर थांबली. दोघंही शाबासकीची वाट पाहत असल्यासारखे बसले होते.

ती : आत्या, हे छान केलंत. पण एक विचारू? बाळ झाल्यावर कमी होणारा पगार फक्त माझाच का आहे?

भाचा : कारण रजा तुला आहे. मला कंपनी पाच दिवस देते. खाजगीत बापाच्या रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस तरी असतात.

ती : मला बिनपगारी तीन महिने आहेत. तुला बिनपगारी मिळतच नाही का?

भाचा : मिळेल बहुतेक. मागितली नाही कुणी.

ती : मग माझे तीन महिने संपून मी परत रुजू होईन, तो पहिला महिना तू घरी राहा. पाळणाघरात एकदम टाकायला नको. माझा पगार तेव्हा सुरू झालेला असेल.

आत्या : अगं, त्याचा महिन्याचा १ लाख १० हजार जाईल! तुझ्या ६५त घराचा हप्तासुद्धा जेमतेम बसेल. त्यापेक्षा ती बाई अजून एक महिना ठेव, ३० हजारांत काम होईल.

ती : या तक्त्यात तुम्हीच हिशेब केलात ना, पगार थांबला तर किती आणि माणूस ठेवला तर किती? माझा पगार वाचवायला माणूस ठेवायचं ठरलं ते पटलं मला. पण बाई ३० हजारांत बाळाला सांभाळेल. बाळाला कसं सांभाळायचं हे याला कोण शिकवणार, आणि कितीत?

आत्या : ते मी शिकवीन, फुकट. शनिवार-रविवार येऊ दे.

भाचा : ८० हजारांचं फर्निचर गेलं, ६० हजारांचं कॉर्ड ब्लड गेलं. म्हणजे १ लाख ४० सुटलेत. त्यातून एक महिना बसतो खरं तर.

आत्या : ते डोहाळजेवणाला ठेवले होते मी.

ती : कार्यालय?

आत्या : छोटं गं. मयूर कॉलनीतलं.

ती : तुझ्या मॅनेजरशी कधी बोलतोस?

भाचा : अप्रेझल मार्चमध्ये आहे. त्यानंतर—

ती : सोमवारी बोल.